डाव्या हाताचा अंगारा

१

शनिवारी सकाळी गुंडप्पा पाटलाच्या परसात, उकिरड्याच्या कडेला, एक चिंधी सापडली. चिंधीत तीन बिब्बे होते आणि तिन्ही सुईनं आरपार टोचलेले.

सापडली ती देवीच्या भगताला, बलभीमला. त्यानं ती काठीच्या टोकावर उचलून चावडीपुढं आणून टाकली. सगळं मुरगुळी गाव तिच्याभोवती जमलं, पण चार हात लांब. टोचलेला बिब्बा म्हणजे करणी, हे तिथं शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"पाटलाच्या नीलम्माच्या अंगावर देवी उगं आली न्हाय," बलभीम म्हणाला. "कुणीतरी बोलवून आणलीया."

मी चावडीच्या ओट्यावर राखुंडीनं दात घासत बसलो होतो. मी आयुब, सरकारी टोचणीवाला. निजामाच्या राज्यात, त्रेचाळीस साली, देवीची लस टोचत मी जळकोटच्या आसपासची गावं पालथी घालायचो. मला लांबून बघितलं की बाया पोरं कणगीत लपवायच्या. एका गावानं माझ्या टट्टूवर कुत्री सोडली होती. तरी मी हिंडायचो, कारण टोचलेलं पोर जगतं हे मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि बाकी मला फारसं काही येत नव्हतं.

गुरुवारी मी मुरगुळीत आलो. शुक्रवारी पहाटे पाटलाच्या पोरीच्या अंगावर फोड उठले आणि दुपारच्या आत गावानं शीव बांधली. शीव बांधली म्हणजे दोन्ही वाटांवर बोराटीच्या फांद्या टाकल्या, शिवेवरनं दहीभात शिंपडत फेरी काढली आणि ठरवलं की मंगळवारी देवीला निरोप देईपर्यंत कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. हे मोडलं तर देवी घरोघर फिरते. मी वेशीपाशी गेलो तर दोन काठीवाले उभे.

"मी सरकारी माणूस आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर," त्यातला एक म्हणाला.

टोचणीवाला आला आणि दुसऱ्या दिवशी देवी कोपली, असा गावाचा सरळ हिशेब होता. त्यामुळं शनिवारी चिंधी सापडली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. निदान नजरा माझ्यावरून हटल्या.

मग बलभीमनं काठीनं चिंधी उलगडली. इरकली काठ, मध्ये पांढऱ्या दोऱ्यानं घातलेलं रफू. ते लुगडं सगळ्या गावाच्या ओळखीचं होतं. माना वळल्या. गर्दीच्या मागं सिद्धम्मा उभी होती. सत्तरीची विधवा, गावची सुईण. कुणाला काढा, कुणाला लेप, हाच तिचा जन्म.

"माजंच हाय ते," ती म्हणाली. एवढंच.

पुढचं ठरायला वेळ लागला नाही. मंगळवारी देवी शिवेबाहेर गेली की देवळापुढं कढईत तेल उकळायचं. तळाला तांब्याची अंगठी टाकायची आणि सिद्धम्मानं ती हातानं काढायची. हात भाजला तर ती गुन्हेगार.

"उकळत्या तेलात हात भाजत नाही असा माणूस बघितलाय का कुणी?" मी विचारलं.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच की देवी गावात असताना तेल तापवायचं नसतं. फोडणीसुद्धा देत नाहीत, देवीच्या अंगाची आग होते म्हणून. त्या एका रिवाजानं म्हातारीचा हात मंगळवारपर्यंत वाचला होता. जळकोटला पोलीस अमीन होता. त्याच्या कानावर घातलं असतं तर तो घोडा घेऊन आला असता. पण जळकोट बोराटीच्या पलीकडं होतं आणि मी अलीकडं.

२

सिद्धम्माला चावडीतच, माझ्या शेजारच्या खोलीत कोंडलं. मधल्या भिंतीला गजांची खिडकी होती. म्हणायला ती कैदी आणि मी पाहुणा, पण बाहेर आम्हा दोघांनाही जाता येत नव्हतं.

"सिद्धम्मा, हे बिब्बे कुणाला दिले होते?"

"निम्म्या गावाला देते. टाचंला भेगा पडल्या, बिब्बा. कंबर धरली, बिब्बा. बाळंतिणीला बिब्बा."

"या चिंधीतले?"

"दवा कुणाला दिली ते सांगत हिंडले, तर उद्या बाया येतील का माज्याकडं? बायांची दुखणी लई असत्यात, आयुबभाई. सगळी सांगण्यातली नसत्यात."

"तुमचा हात जाईल."

तिनं हात उलटासुलटा करून बघितला. "पाऊणशे पोरं काढली यानं. बास झालं की."

मला रागच आला. बुडणाऱ्याला वाचवावं तर त्यानं निदान दोरी तरी धरावी. "म्हणजे कुणाला दिले ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे," मी म्हटलं.

"म्या दवा म्हणून दिला. फुडं त्याचं काय केलं, ते म्या बघितलं न्हाय." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

चिंधी अजून चावडीपुढंच पडली होती. तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. मी पळसाचं पान घेऊन बिब्बे उचलले. तिन्हींना आरपार भोक होतं, पण त्याखेरीज आणखीही काही होतं. प्रत्येकाची एक बाजू जळून काळीठिक्कर पडली होती आणि आत तेलाचा टिपूस नव्हता.

मी तसाच बलभीमकडं गेलो. हा माणूस लबाड असेल अशी माझी खात्री होती. गावात देवी आल्यापासून त्याच्या ओसरीवर नारळांची रास लागली होती. शीव बांधण्यात कुणाचा फायदा असलाच तर तो त्याचाच. पण मी बिब्ब्याचं विचारलं आणि तो वैद्यानं नाडी सांगावी तसा खुशीत बोलायला लागला.

"करणी करताना बिब्बा भाजतात का हो?" मी विचारलं.

"छ्या! भाजल्यावर त्याचं तेल निघून जातंय. तेल गेलं की जोर गेला. करणीला बिब्बा कच्चाच लागतो, टच्च भरलेला. भाजलेल्या बिब्ब्यानं शेळीबी मरायची न्हाय."

"आणि हे तीन भाजलेत."

बलभीमनं वाकून बघितलं. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली. मग तो म्हणाला, "म्हातारी हाय. इसरली असंल."

लबाड माणसानं असं उत्तर दिलं नसतं. त्याचा त्याच्या देवीवर खराखुरा विश्वास होता आणि मला आता त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

३

पाटलाच्या दाराला लिंबाचे डहाळे बांधले होते. आत जायची सोय नव्हती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि पाटलीणबाई, उमाबाई, आत उभ्या राहिल्या.

मला या घरी येण्याचं माझं स्वतःचं एक कारण होतं. नीलम्मा दहा वर्षांची असताना तिला मीच टोचलं होतं. सगळा गाव पळाला तेव्हा गुंडप्पानं लेकीचा दंड धरून पुढं केला होता. त्या पोरीला देवी निघाल्या म्हणजे माझी टोचणी पाण्यात गेली, आणि मग कुठल्या तोंडानं मी दुसऱ्या गावात सुई बाहेर काढणार?

"ताप किती दिवस होता, बाई?"

"तापच न्हवता."

"आधी तीन-चार दिवस अंग मोडून ताप येतो. पाठ दुखते. पोर उठत नाही."

"न्हाय ओ. गुरुवारी तिन्हीसांजंला चांगली जेवली, सारवण केलं. पहाटं बघते तर तोंड फोडांनी भरल्यालं. बलभीम म्हणतोय, देवी हसत आली."

"आता कशी आहे?"

"गप बसती. कुणाशी बोलत न्हाय. तिला गावातलं कायबी सांगायचं न्हाय म्हणून भगतानं बजावलंय. भांडण, मरण, काय सुदीक कानावर घालायचं न्हाय. देवी कोपती."

"म्हणजे सिद्धम्माचं तिला ठाऊक नाही?"

"न्हाय." उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "सिद्धम्मानंच तिला जल्माला घातलं, आयुबभाई. माजा इस्वास बसत न्हाय. पर लुगडं तिचंच ना?"

घरात सोमवारसाठी पत्रावळींची चवड लावून ठेवलेली दिसत होती. मी विचारलं तेव्हा कळलं की सोमवारी नीलम्माला कुंकू लावायला पाहुणे येणार होते. पाहुणा म्हणजे सोनारी गावचा वीरप्पा. हा आधीच या घरचा जावई. थोरली लेक गिरिजा त्यालाच दिली होती. ती मागच्या हिवाळ्यात वारली आणि आता तिच्या जागी धाकटी द्यायचं ठरलं होतं.

"थोरली कशानं गेली?"

उमाबाईंनी आत मागं वळून बघितलं, मग आवाज खाली आणला. "वारं लागलं म्हनाले. झटकं यायचे. त्यांच्याकडं वाऱ्याला डाग देत्यात. विळा तापवून. माती द्यायच्या आदी आंघूळ घातली तवा नीलम्मानं पाणी वतलं. तिनं बघितलं समदं."

त्यांनी दारातला डहाळा नीट केला आणि त्या आत गेल्या.

४

रविवारी दुपारी गावाला देवीचं दर्शन झालं. ज्याच्या अंगावर फोड उठतात तो माणूस राहत नाही, तो देवी होतो. नीलम्माला सोप्यात पाटावर बसवलं होतं. हिरवं लुगडं, केस मोकळे, पुढ्यात अंगाऱ्याचं ताट. एकेकानं यायचं, पायांवर डोकं ठेवायचं, तिच्या हातून अंगारा घ्यायचा आणि वर न बघता मागं सरायचं. देवीच्या तोंडाकडं टक लावून बघायचं नसतं.

मीही रांगेत उभा राहिलो. टोचणीवाला देवीच्या पाया पडतोय म्हणून बायांत कुजबुज झाली. पडलो की. पायावर डोकं ठेवल्याशिवाय मला तिचे तळवे कसे दिसणार होते?

तळवे स्वच्छ होते. मी आठशे तरी आजारी बघितलेत. खरी देवी तळहात-तळपाय सोडत नाही आणि तिचे फोड एका मापाचे, एकदम पिकणारे. इथं गालांवरचे फोड लहान-मोठे, वेडेवाकडे, आणि प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका. डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत फोडच फोड. उजवा दंड पदराबाहेर दिसत होता. त्यावर एकही नव्हता.

मी ओंजळ पुढं केली. पोरीनं अंगारा दिला, तो डाव्या हातानं. उजवा हात तिनं मांडीवरच्या लिंबाच्या पाल्यात खुपसून ठेवला होता.

आणि ते फक्त माझ्याच बाबतीत नव्हतं. सगळ्यांना डाव्याच हातानं मिळाला होता. लोकांना ते दिसत होतं पण बोलायची छाती नव्हती. शेवटी गुंडप्पा पुढं आला. मोठा देखणा माणूस, पांढऱ्या मिशा, गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. त्यानं लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्यालाही डाव्या हातानं अंगारा दिला. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"बघितलं?" बलभीम मोठ्यानं म्हणाला. "देवी उजवा हात द्यायला तयार न्हाय. गावात पापी हाय तवर देणार न्हाय. मंगळवारी तेल दोन शेर जास्त घ्या."

पोरीनं दचकून वर बघितलं. तेल कशाला, हे तिला कुठं ठाऊक होतं? तिनं आईकडं बघितलं. उमाबाईंनी नजर वळवली आणि तिला आत नेलं.

त्या संध्याकाळी मी चावडीच्या कोतवालाकडून एक कच्चा बिब्बा मागून घेतला. सुईवर टोचून तो दिव्याच्या ज्योतीवर धरला. एक बाजू काळी पडली आणि सुईवरून काळं, चिकट तेल ओघळलं. काडी मोडून ते तेल मी माझ्या डाव्या दंडावर पाच ठिकाणी लावलं. घाई नडली, थोडं माझ्या उजव्या चिमटीलाही लागलं.

५

सोमवारी उन्हं चढल्यावर बोराटीपलीकडून कुणीतरी हाळी दिली. सोनारीकडचा माणूस होता. पाहुणे वाटेवरच थांबले होते, देवी कुणाला आली ते काठीवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं. आत यायला त्याला बंदी, म्हणून त्यानं निरोप तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. वीरप्पाशेठला तोंडावर वण असलेली बायको नको. सोयरीक मोडली.

गाव हळहळलं. मी दंडावर बाही ओढून ओट्यावर बसलो होतो. बाहीखाली पाच फोड टरारून फुगले होते आणि प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका होता. उजव्या हाताची दोन बोटं फोडांनी अशी उतली होती की मला भाकरी मोडता येत नव्हती. सकाळी मी डाव्या हातानं जेवलो होतो आणि जेवतानाच मला सगळं लखलखीत कळलं होतं.

देवी नव्हतीच. बिब्बे करणीचे नव्हते, तेल काढून घेतलेले होते. दुसऱ्या कुणी लावलं असतं तर दोन्ही दंडांवर लावलं असतं, आणि बोटं त्याची उतली असती. इथं उजव्या हातानं डावा हात रंगवला होता. नीलम्मानं टाचेच्या भेगांचं कारण सांगून बिब्बे मागितले आणि पाहुणे यायच्या आधी स्वतःचं तोंड जाळून घेतलं. बहिणीला आंघोळ घालताना तिनं जे बघितलं होतं, त्यापेक्षा तिला हे सोपं वाटलं. सिद्धम्मानं बिब्बे बांधून दिलेली चिंधी तिनं परसात फेकली. ती सिद्धम्माच्या गळ्याशी येईल हे तिच्या डोक्यात आलं नसणार.

शोध लागला की माणसाला आनंद होतो म्हणतात. मला घाम फुटला. खरं सांगावं, तर देवीची नक्कल केली म्हणून गाव त्या पोरीचं काय करेल याचा नेम नाही. सांगू नये, तर उद्या म्हातारीचा हात. माझ्या लशीनं देवी आली असं खोटंच अंगावर घ्यावं, तर पुढची वीस वर्षं या भागात एक पोर कुणी टोचू देणार नाही, आणि खऱ्या देवीला गावं मोकळी. कुठूनही निघालो तरी बोराटीच आडवी.

दिवस मावळायच्या सुमाराला गुंडप्पा चावडीवर आला. शेजारी बसला.

"आयुबभाई, कालपासनं बाही खाली का?"

या माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी बाही वर केली. तो बघतच राहिला. मी बिब्ब्याचं सांगितलं. कुणी लावला ते सांगितलं नाही.

"लावणाऱ्याला काय हुत न्हाय?"

"बोटं उततात. झाकता येत नाहीत." मी माझी दोन बोटं दाखवली.

त्यानं माझा हात धरून बोटं उजेडाकडं वळवली. "काल तिनं मला डाव्या हातानं अंगारा दिला," तो म्हणाला. "मला वाटलं, देवी माज्यावर रुसली."

"पाटील, ऐका—"

त्यानं ऐकलं नाही. उठला, काठी घेतली आणि घराकडं चालायला लागला. ज्याचा शब्द गावात खाली पडत नाही, त्याच्या लेकीनं त्याचा शब्द मोडला होता. मी मागं धावलो तर दारातल्या गड्यानं मला लिंबाच्या डहाळ्यांपाशीच अडवलं. दार लागलं. आतून आवाज आला नाही, रडण्याचाही नाही.

६

मंगळवारी सकाळी वाजतगाजत देवीचा गाडा शिवेबाहेर पोचवला आणि दहाच्या सुमाराला देवळापुढं कढई चढली. चार दिवसांनी गावात तेलाचा वास सुटला. सिद्धम्माला आणून उभी केली. बलभीमनं अंगठी तेलात टाकली.

मी सगळ्यांच्या पुढं जाऊन बाही वर केली.

"ही बघा माझी देवी," मी म्हटलं. गर्दी मागं सरली. "पळू नका. ही मी बिब्ब्यानं काढली. भगतबुवा, तुम्हीच सांगितलंत ना, भाजला की बिब्ब्याचं तेल निघून जातं? जातं कुठं? अंगावर लावलं की असे फोड येतात. नीलम्माला देवी आली नव्हती. आणि ज्यानं हे केलं त्याची बोटं अशी उतणारच. आता सिद्धम्माची बोटं बघा."

मी म्हातारीचे दोन्ही हात धरून वर केले. सुरकुतलेले, काळे, आणि स्वच्छ. बायांत एकदम गलका झाला. माझी छाती फुगली, कबूल करतो. म्हातारी वाचली होती आणि मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं.

सिद्धम्मा मात्र माझ्याकडं अशी बघत होती की मी तिचं घर पेटवलंय.

बलभीमनं हात वर करून गाव शांत केलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हातारी सुटली. पर मग कुणीतरी देवीचं सोंग केलं. आपन चार दिस त्या सोंगाच्या पाया पडलो. करणी परवडली, पर ह्ये न्हाय." तो गर्दीकडं वळला. "समद्या गावाची बोटं बघायची. लहानथोर, बाईमाणूस. पाटलाच्या घरापासनं सुरवात."

मीच दिलेला पुरावा होता तो. शहाणपणाच्या भरात मी पोरीचा माग काढायची रीत गावाच्या हातात ठेवली होती. दोघी-तिघी पाटलाच्या वाड्याकडं निघाल्यासुद्धा.

"थांबा," गुंडप्पा म्हणाला. तो कढईच्या पलीकडं उभा होता, अंगाभोवती उपरणं लपेटून. "कुठं जाऊ नगा. म्या लावला बिब्बा."

निघालेल्या बाया जागच्या जागी थांबल्या.

"पोरगी झोपली हुती. तिला कायबी ठाव न्हाय. वीरप्पाला शब्द दिला हुता, त्यो मोडायची छाती न्हवती. देवी आली म्हणलं की त्योच मोडंल, म्हणून केलं."

"पाटील, तुमी कुणालातरी पाठीशी घालताय," बलभीम म्हणाला. तो मूर्ख नव्हता. "तुमीच केलं असंल तर बोटं दाखवा."

गुंडप्पाचा उजवा हात उपरण्याखाली होता. तो त्यानं बाहेर काढला नाही. त्यानं एकवार घराच्या दिशेनं बघितलं, मग माझ्याकडं. सोमवारी चावडीवर तो माझी बोटं उजेडात धरून काय विचार करत होता, ते मला तेव्हा कळलं. कळून उपयोग नव्हता. आमच्यामध्ये कढई होती.

"दाखवतो की," तो म्हणाला आणि त्यानं उजवा हात मनगटापर्यंत तेलात घातला.

बाया किंचाळल्या. तो नाही ओरडला. हात तळाशी फिरला, वर आला आणि अंगठी बलभीमच्या पायाशी पडली. मग त्यानं तो हात बलभीमच्या तोंडापुढं धरला.

"आता बघ बोटं."

बलभीम काय बघणार? सोललेल्या हातावर बिब्ब्याची खूण होती की नव्हती, हे आता आभाळातल्या देवीलाही सांगता आलं नसतं. आणि गावाच्या कायद्यानं निकालही लागला होता. हात भाजला, म्हणजे गुन्हा त्याचा. बलभीमनं मान खाली घातली. थोड्या वेळानं कुणीतरी वेशीवरच्या फांद्या ओढून बाजूला केल्या.

७

मी टट्टूवर खोगीर टाकलं नाही. पाटलाच्या सोप्यात बसून राहिलो. सिद्धम्मा तिच्या परसातली कोरफड घेऊन आली होती. ज्या गावानं तिला तीन दिवस कोंडलं, त्या गावाच्या पाटलाचा हात मांडीवर घेऊन ती गर लावत होती. नीलम्मा खांबाला धरून उभी होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं उतून सुजली होती. सकाळपासून तिनं दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा गुंडप्पानं "आत जा" एवढंच म्हटलं होतं. ती आत गेली नव्हती.

"पाटील," मी हळूच म्हटलं, "तुमची बोटं साफ होती."

"तुमी बघितली?"

"नाही."

"मग झालं."

"माझ्यामुळं झालं हे. मी बोटांचं बोललो नसतो तर..."

"तर म्हातारीचा गेला असता." त्यानं दात आवळले. कपाळावरून घाम ओघळत होता. मग माझ्याकडं न बघता, लेकीकडंही न बघता, तो बोलायला लागला. "थोरलीला डाग दिले तवा त्यांनी मला बोलवून घेतलं हुतं. बापानं धरलं तर पोरगी गप ऱ्हाती म्हनाले. वारं निघून जाईल, चार दिसांनी घेऊन जा म्हनाले. तिचं पाय म्या धरलं हुतं, आयुबभाई. ती मला हाका मारत हुती, अन् म्या घट्ट धरून ठेवलं हुतं."

नीलम्मानं धरलेला खांब सोडला. हे तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. गुंडप्पानं हात मागं ओढला आणि कोरफडीचा गर खाली सांडला.

सिद्धम्मानं तो हात मनगटाच्या वर पक्का धरला.

"हलवू नगा हात, पाटील," ती म्हणाली. "अजून लई जागा ऱ्हायलीया."